रोझलीच्या नावाची खुर्ची

विद्यापीठाच्या वैद्यकीय इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक पितळी पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय की श्रीमती व्हर्ना सोप्को यांनी ही देणगी 'कृतज्ञतेपोटी' दिली. कृतज्ञतेपोटी! त्या पाटीसमोरून जाताना मला तोंडावर हात धरावा लागतो, नाहीतर मोठ्यानं हसेन. अहो, व्हर्नानं ते पैसे सूड उगवायला दिले. बत्तीस वर्षं मुरवलेला, पक्का सूड. त्या इमारतीत देणगीदारांच्या पाट्या पुष्कळ आहेत, पण दुसऱ्या कुणाच्या पैशाचं इतकं चीज झालं नसेल.

मी इर्मा वास्को. व्हर्ना आणि मी एकाच उतारावर राहतो, खाली नदी आणि बंद पडलेली पोलादाची गिरणी. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्ही बायका पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, करायला बसायचो, शुक्रवारी त्या विकून चर्चच्या छपराची दुरुस्ती व्हायची. कडा दाबण्यात व्हर्नाचा हात कुणी धरला नाही. तिची एकही पिएरोगी उकळत्या पाण्यात कधी फुटली नाही, आणि फुटलेल्या कुणाच्या आहेत हे ती सगळ्यांसमक्ष सांगायची. जिभेला हाड नव्हतंच.

नोकरीही दोघींची एकाच ठिकाणी, विद्यापीठाच्या हॉस्पिटलात. ती धुलाईखान्यात, मी टायपिंगच्या खोलीत. तिचा नवरा अँडी गिरणीत गेला, म्हणजे अपघातातच गेला, तेव्हा पोर चार वर्षांची होती. रोझली. व्हर्नानं तिला डॉक्टरांचे कोट धुऊन, खळ घालून, इस्त्री करून वाढवलं. पोर मोठी झाली, बेकरीच्या गल्ल्यावर उभी राहायला लागली. हसरी होती. बापासारखे कान बाहेर आलेले, म्हणून केस कायम मोकळे सोडायची.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिनं दाढ काढली. त्यानंतर अंगात कणकण. मग रोज रात्री घाम, मग जिना चढताना धाप. व्हर्ना तिला घेऊन आमच्याच हॉस्पिटलात गेली. दुसरीकडे कशाला जाईल? तिथले कोट ती धूत होती, तिला वाटायचं ही आपलीच माणसं.

डॉक्टर होता लोवेल प्रेंटिस. तिशीतला, उंच, मोठ्या घरचा, केस मागे वळवलेले. हुशार होता यात वाद नाही, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. सहा आठवड्यांत तीनदा त्यानं रोझलीला तपासलं आणि तीनदा घरी पाठवलं. पोरीचं लग्न ठरत होतं, म्हणून मनाचा ताण आहे म्हणे. तिसऱ्या वेळी व्हर्नानं त्याची बाही धरली आणि म्हणाली, "डॉक्टर, निदान रक्त तरी काढून बघा हो तिचं." त्यानं बाही सोडवली, आधी ती सारखी केली आणि मग म्हणाला, "बाई, तुम्ही शांत झालात तर मुलगी आपोआप शांत होईल."

त्यानंतर बाराव्या दिवशी पोर गेली. बेकरीत, गिऱ्हाइकाला सुटे देता देता कोसळली. दाढेतून जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते, तिथून गाठ सुटून मेंदूत गेली. रक्त काढून जंतू वाढतात का ते पाहिलं असतं तर दोन दिवसांत कळलं असतं. औषध होतं. त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, कपाटात होतं.

आता आमच्या कामाची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डॉक्टर लोक रोगी तपासून झाला की यंत्रात बोलून ठेवायचे. आम्ही सहा बायका कानाला लावून ते टाइप करायचो. कागद परत डॉक्टरकडे वाचायला जायचा तो नियमाप्रमाणे, खरं तर कुणाला वेळ नसे. मग खाली शिक्का मारायचा, 'सांगितले, वाचले नाही'. लाज कुणालाच नव्हती. उलट ज्याच्या कागदांवर हा शिक्का जास्त, तो डॉक्टर मोठा. प्रेंटिसच्या एकूण एक कागदावर असायचा.

आणि दुसरं. आमच्याकडच्या डॉक्टरांना विशेषण लावल्याशिवाय रोग्याची सुरुवात करता येत नाही. 'ही गोड स्वभावाची एकोणीस वर्षांची मुलगी', असा रोझलीचा पहिला कागद. दुसऱ्यात 'गोड' गेलं. तिसऱ्यात मुलगी राहिली बाजूला, 'आई त्रासदायक आहे, धुलाईखान्यात काम करते, तपासण्यांचा हट्ट धरते. ताप नाही, घाम नाही. मनाचा ताण. पुन्हा येण्याची गरज नाही.'

तो कागद मी टाइप केला. बोटं करतात ते काम, डोकं भलतीकडेच असतं.

दफन झाल्यावर आठ दिवसांनी व्हर्ना टायपिंगच्या खोलीच्या दारात उभी राहिली. डोळे कोरडे. म्हणाली, "इर्मा, तिचे कागद मला हवेत." असे कागद बाहेर दिले तर माझी नोकरी जाणार हे तिला माहीत होतं, मलाही. मी तिन्ही पानांची नक्कल काढली आणि जेवणाच्या डब्यात घालून तिच्या घरी नेऊन दिली. तिनं स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली, एकदा नाही, तीनदा. मग घडी घालून ठेवून दिली आणि मला म्हणाली, "बस, कोबीची हलुश्की गरम करते." मी खाल्लीसुद्धा.

मला वाटलं नोकरी सोडेल. कुठली! अजून सत्तावीस वर्षं तिनं त्या माणसाचे कोट धुतले. छातीवर निळ्या दोऱ्यानं त्याचं नाव, नावाखाली दर थोड्या वर्षांनी नवी पदवी. आधी नुसता डॉक्टर, मग प्राध्यापक, मग विभागप्रमुख. एकदा मी विचारलं, "व्हर्ना, खरं सांग, कधी थुंकलीस त्याच्यावर?"

"थुंकून काय होतं? पुढच्या धुण्यात जातं," ती म्हणाली. "मला न जाणारं काहीतरी हवंय."

ते काय हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं. वकिलाकडे जाऊन आली होती. त्यानं हात वर केले, विद्यापीठाच्या डॉक्टरांविरुद्ध साक्ष द्यायला विद्यापीठाचा दुसरा डॉक्टर उभा राहायचा नाही म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मेले सगळे एका कळपातले.

मग गॅस निघाला. अँडीच्या बापाची डोंगरावर जमीन होती, बकऱ्यासुद्धा घसरतील असली. व्हर्ना निवृत्त झाली त्याच सुमाराला कंपन्यांची माणसं दारोदार फिरायला लागली, जमिनीखाली मैलभर खोल गॅस आहे म्हणून. आमच्या भागात कुणी नवी मोटार घेतली, कुणी फ्लोरिडाला पळालं. व्हर्नाकडे दर महिन्याला चेक यायला लागला, आणि बाईनं नळाचा वायसरसुद्धा बदलला नाही. पाच वर्षं नुसती साठवत राहिली. आणि एका सकाळी रविवारचा झगा घालून विद्यापीठाच्या देणगी कार्यालयात जाऊन बसली. सोबत मी.

तिथं मेरेडिथ नावाची तरुण पोरगी होती, दात फार स्वच्छ. या लोकांचा धंदाच तो, बऱ्या झालेल्या रोग्यांच्या मागे लागून देणग्या काढायचा. त्यांना ते 'कृतज्ञ रुग्ण' म्हणतात, याद्याच असतात तशा. व्हर्नानं रक्कम सांगितल्यावर मेरेडिथ आधी पाणी प्यायली, मग तिनं आम्हाला चिकन सॅलडचं जेवण दिलं.

"तुमच्या मनात काय आहे, मिसेस सोप्को? संशोधन? शिष्यवृत्ती?"

"खुर्ची," व्हर्ना म्हणाली. विद्यापीठात एखाद्या प्राध्यापकाच्या पदाला कायमचा पैसा लावून दिला की त्याला खुर्ची म्हणतात. त्या पदाला देणारा सांगेल ते नाव लागतं, आणि जो बसेल त्याला आपल्या सहीखाली ते नाव जन्मभर लिहावं लागतं. "नव्या डॉक्टरांना रोगनिदान शिकवायची खुर्ची. रोझली सोप्को हे नाव. आणि पहिल्यांदा बसणार डॉक्टर प्रेंटिस."

"अगं बाई!" मेरेडिथचे डोळे भरून आले. "त्यांनी तुमच्या मुलीवर उपचार केले होते?"

"तपासलं होतं तीनदा," व्हर्ना म्हणाली. मी सॅलडमधली द्राक्षं मोजत बसले, वर बघायची सोय नव्हती.

करारात व्हर्नाच्या अटी तीनच. खुर्चीवर बसणाऱ्यानं खुर्ची स्वीकारायच्या समारंभात, आणि मग दर जुलैत, नवे डॉक्टर रुजू होतात त्या पहिल्या सोमवारी, जोडपत्रातले कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे. शेवटच्या अक्षरापर्यंत, काहीही न गाळता. आणि हे एक वर्ष जरी चुकलं तरी सगळा पैसा शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाला जायचा, ज्याच्याशी आमच्यांचं फुटबॉलवरून हाडवैर. वकिलांनी पैशाची पानं डोळ्यांत तेल घालून वाचली. जोडपत्र कुणी उघडलंही नाही. प्रेंटिसनं तर जिथं खूण केली होती तिथं सही ठोकली, दोन मीटिंगांच्या मधे, उभ्या उभ्या.

सहीआधी एकदा त्यानं व्हर्नाला जेवायला बोलावलं होतं, सोबत मीही होते. तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "रोझली, किती छान नाव! काय झालं होतं तिला?"

"ताप आला होता."

"अरेरे. कोण बघत होतं?"

"होते एक डॉक्टर," व्हर्ना म्हणाली, आणि पावाला लोणी लावायला लागली.

त्याला काही म्हणजे काही आठवलं नाही. नाव, चेहरा, बाही, काहीच नाही. माझा असा तिळपापड झाला की सुरी हातातून खाली ठेवावी लागली.

समारंभ ऑक्टोबरात झाला. तीनशे माणसं. प्रेंटिसच्या गळ्यात पदक घातलं, पाठीवर रोझलीचं नाव कोरलेली खरीखुरी लाकडी खुर्ची दिली. डीनसाहेबांनी व्हर्नाला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी मला. मग प्रेंटिस उभा राहिला. करारातले कागद मेरेडिथनं त्याच्या फायलीत पंधरा दिवस आधी ठेवले होते. फाईल त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा उघडली.

वाचायला लागला. आवाज छान होता त्याचा, खर्जातला. 'ही गोड स्वभावाची एकोणीस वर्षांची मुलगी.' पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर मान हलवायला लागला. तिसऱ्यावर 'आई त्रासदायक आहे' आलं तसा थांबला, चष्मा काढला, आणि सभागृहाकडे बघून म्हणाला, "मित्रहो, हे ज्यानं कुणी लिहिलं त्याच्या हातात रोगी द्यायलाच नको होता. आईचं ऐकलं असतं तर मुलगी जगली असती. साधं रक्त काढायचं होतं!"

टाळ्या वाजल्या. मोठ्या वाजल्या. व्हर्नानंही वाजवल्या.

चष्मा लावून तो पुढं वाचायला लागला. 'पुन्हा येण्याची गरज नाही. सांगितले, वाचले नाही.' आणि थांबला. कागद जवळ घेतला. कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग सगळा चेहराच पांढरा पडला. कुणाला वाटलं चक्कर येतेय, कुणी पाणी आणायला उठलं.

"नाव राहिलं, डॉक्टर," व्हर्ना बसल्या जागेवरून म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सभागृह इतकं गप्प होतं की मागच्या भिंतीपर्यंत गेलं. "करारात आहे. शेवटपर्यंत."

तो तिच्याकडे बघत राहिला. आता आठवलं का? काय माहीत. मग कागदाकडे बघून, त्या खर्जातल्या आवाजाचं पार मातेरं होऊन, त्यानं वाचलं, "डॉक्टर लोवेल प्रेंटिस." आणि त्या नव्या खुर्चीत बसला, कारण जवळ दुसरं काही नव्हतं. आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू?

चार दिवसांनी तो व्हर्नाच्या घरी आला, हातात फुलं घेऊन. गुरुवार होता, मी तिच्याच स्वयंपाकघरात होते. व्हर्नानं त्याला बाहेर बसवलं आणि मला कॉफी ठेवायला सांगितली. आवाज सगळा ऐकू येत होता.

"मिसेस सोप्को, मला ती मुलगी आठवत नाही. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पण मी माफी मागायला आलोय."

"मागा."

त्यानं मागितली. बराच वेळ मागितली, मधे रडलाही. 

"झालं? अक्रोडाचा नटरोल घ्या थोडा."

"म्हणजे तुम्ही मला माफ केलंत?"

"नाही हो. तुम्ही मागायला आला होता, मी मागू दिलं."

मग तो घासाघीस करायला लागला. कागद वाचेन, दरवर्षी वाचेन, फक्त शेवटचं नाव वगळू. नाहीतर मी निवृत्तच होतो.

"व्हा की," व्हर्ना म्हणाली. "मग पुढचा जो बसेल तो वाचेल, तुमच्या नावासकट. खुर्चीचं तसंच असतं म्हणे, मुद्दल कधी संपत नाही, मेरेडिथनं मला नीट समजावलंय. तुम्ही आणि मी मातीत गेलो तरी दर जुलैत ते वाचतील. मला दोन पोरं झाली असती तर, डॉक्टर, नातवंडं असती, माझं नाव त्यांनी चालवलं असतं. आता तुमचं चालेल."

तेव्हा तो चिडला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी एकटाच होतो का तिथं? ते टाइप करणारी बाई होती! कागदाखाली माझ्या आद्याक्षरांपुढं तिची आद्याक्षरं आहेत, तुम्ही पाहिली नसतील. एलपी, तिरकी रेघ, आयडब्ल्यू. काही चुकीचं वाटलं तर टाइप करणारीनं पिवळी चिठ्ठी लावायची, असा आमचा नियम होता. तिनं का नाही लावली? तिला कुणी बोलवत नाही व्यासपीठावर!"

"ती कॉफी आणतेय तुमच्यासाठी," व्हर्ना म्हणाली. "इर्मा, बाहेर ये."

 मी ट्रे उचलला आणि बाहेर गेले. प्रेंटिसनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. कॉफी न घेताच निघून गेला. फुलं टेबलावर राहिली.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?" मी विचारलं.

"कागद तूच आणून दिलेस की. मला वाचता येतं, इर्मा." ती फुलांचा कागद सोडवत होती. "त्या तिसऱ्या कागदाआधीच्या गुरुवारी तळघरात मी तुला सांगितलं होतं, रात्रीतून दोनदा रोझलीची चादर बदलते, पिळली तर पाणी निघतं. आणि सोमवारी तू टाइप केलंस, घाम नाही."

मी बत्तीस वर्षं स्वतःलाही जे सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. बोटं थांबली होती त्या ओळीवर. चिठ्ठ्यांची पिवळी वही माझ्या कोपराशी होती. "मला वाटलं, डॉक्टर आहे, त्याला जास्त कळतं. आणि प्रेंटिसला चिठ्ठी लावलेली आवडायची नाही, ओरडायचा."

"हो. त्याला जास्त कळतं असं मलाही पहिल्या दोन वेळा वाटलं."

"मग मला घरातून हाकललं का नाहीस? इतकी वर्षं जेवायला घातलंस!"

"हाकललं असतं तर जुलैत ऐकायला कोण आलं असतं?" ती म्हणाली. "तू येणारेस. माझ्या शेजारी बसणारेस. दरवर्षी."

तेव्हा मला कळलं की 'शेवटच्या अक्षरापर्यंत' हे तिनं करारात कुणासाठी घातलं होतं.

जुलैचा पहिला सोमवार उजाडला. वर्गात चाळीस नवे डॉक्टर, कोट इतके कोरे की अजून घड्या दिसत होत्या. पहिल्या रांगेत कडेला आम्ही दोघी म्हाताऱ्या. प्रेंटिसनं या वेळी चष्मा न काढता, मान न हलवता तिन्ही पानं वाचली. आपलं नाव वाचलं. एक श्वास घेतला आणि वाचलं, "एलपी, तिरकी रेघ, आयडब्ल्यू."

मागून एका मुलीनं हात वर केला. "सर, आयडब्ल्यू कोण?"

त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. सांगितलं नाही त्यानं, ते श्रेय त्याला देते. व्हर्नानं मला कोपरानं ढोसलं.

"ऊठ."

मी उठले. गुडघे दुखतात माझे, बाकाला धरून उठावं लागलं. म्हटलं, मी. इर्मा वास्को. मग त्या पोरांना मी चादरींचं सांगितलं.